मारुतीचं लोणी आणि वीस हॉर्सपॉवर

निम्मं आयुष्य मी इंजिनं तापवण्यात घालवलं. सरकारी कारखान्याच्या चाचणीघरात, काचेच्या अलीकडे उभी राहून. त्यामुळे कावेरीअक्का जेव्हा म्हणाल्या, "वेदिका, लोणी वितळता कामा नये. ते तू बघ," तेव्हा मी हरखले. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूतच रुजलेलं, आणि मी लग्न होऊन आलेली. इतकी वर्षं झाली, तरी अक्कांच्या लेखी मी 'पुण्याची'च. पुण्याचीला कधी साधं पानाचं तबकसुद्धा मांडू दिलं नव्हतं. आज आख्खा मारुती हातात दिला.

अक्कांच्या लेकीचं, संपदाचं बाळंतपण अवघड गेलं होतं. तेव्हा अक्का राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीच्या मारुतीला बोलल्या होत्या, की बाळबाळंतीण सुखरूप राहू देत, चैत्रातल्या शनिवारी तुला बेण्णे अलंकार करीन. म्हणजे मूर्तीला डोक्यापासून शेपटीपर्यंत लोण्यानं मढवायचं. आणि त्या लोणीभरल्या रूपातच बाळाला त्याचं दर्शन घडवायचं. बाळ येणार होतं संध्याकाळी, थेट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून. देवाला सात समुद्र सोपे. आमच्या पोरीला रिंगरोडच अवघड.

गाभाऱ्याला खिडकी नाही. चैत्रात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मी फर्मान काढलं: भाड्याचा मोठा एसी, आणि तो चालवायला भाड्याचा जनरेटर.

"जनरेटर स्वतःच तापेल की ग," आमचे हे, गुरुराज म्हणाले.

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. "वीस हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप. एका हॉर्सपॉवरचे तासाला अडीच हजारांहून थोडे जास्त बीटीयू. विसाचे झाले एक्कावन्न हजार. सगळ्याच ताकदीची उष्णता झाली असं धरलंय हं मी! त्यातली भिंतीतून आत झिरपणार चिमूटभर. दोन टनांचा एसी लावला, तर मारुतीला स्वेटर विणावा लागेल."

"ते मला कळत नाही," अक्का म्हणाल्या. "लोणी राहील?"

"राहील."

"सरी, ठीक आहे. तुझ्या भरवशावर."

आवाजाचा त्रास नको म्हणून जनरेटर गाभाऱ्यामागच्या बंद बोळात ठेवायचा, ही माझी कल्पना. एसीचं बाहेरचं युनिट त्याच्याच शेजारी, हीही माझीच. गार हवा निसटू नये म्हणून देवळाच्या दारा-खिडक्यांना प्लास्टिकचे पडदे लावले, तेही मीच. शहाणपणाला त्या दिवशी पूर आला होता.

दुपारभर पुजाऱ्यांनी लोणी थापलं. काय रूप आलं! गाल असे, की कुणी सासुरवाशीण पहाटेचं दळण सोडून बघायला यावी. डोळ्यांना मनुका, कपाळाला केशर.

मग वीज गेली. जनरेटर धडधडला, एसी सुरू झाला, आणि मी दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला, "गार वाटतंय ना?" असं विचारत राहिले. जरा वेळानं एसी आचका देऊन बंद पडला. पुजारी म्हणाले, "अम्मा, हनुवटी उतरली."

खरंच उतरली होती. छातीवर आली होती. मी मागच्या भिंतीला हात लावला. भाकरी टाकावी असा तवा!

बोळात धावले. जनरेटर समोरच्या भिंतीवर गरम श्वास सोडत होता, तोच फिरून येत होता, आणि एसीचं युनिट तो गिळून गुदमरलं होतं. त्या धगीत मला माझं गणित दिसलं. पाटीवरचे वीस हॉर्सपॉवर तर तारेतून निघून जातात! डिझेलमधून येते त्याच्या तिप्पट ताकद. जी मागे राहते, रेडिएटरनं आणि धुराड्यानं बाहेर पडते, ती चाळीसएक हॉर्सपॉवर. जी गेली तिचा मी हिशेब केला, आणि जी उरली तिला विसरले. विसरणारच. आमच्या चाचणीघरात ती उष्णता पाइपातून पाणी घेऊन जायचं, धूर चिमणीतून जायचा. काचेअलीकडे मला कधी घाम आलाच नव्हता.

संपदाला फोन लावला. "मामी, अजून निम्म्या वाटेवरचं इंदिरानगरसुद्धा सुटलं नाही!"

मी जनरेटर बंद केला.

"अग, अंधार!" गुरुराज ओरडले.

"असू दे. पडदे फाडा आधी!"

दारं उघडली. बाहेर आमच्या गावाची संध्याकाळ उभीच होती, गार, बिनभाड्याची. पुजाऱ्यांनी समया लावल्या, बर्फाच्या पाण्यात हात बुडवून हनुवटी वर उचलली. अक्कांनी माझ्या हातात विंझणा दिला. मी वारा घालू लागले. अंधारात अक्कांनी तान घेतली:

"लोण्याच्या मारुतीला बाई, घाम कशानं फुटला,
शिकली माझी भावजय, तिनं हिशेब मांडिला!"

देऊळभर हसू फुटलं. हसताना माझा हात थांबला, तर अक्का म्हणाल्या, "स्वल्प जोरात. तुझा हात किती हॉर्सपॉवरचा ग?"

"अक्का, आता तो हिशेब नको."

संपदा आली तेव्हा मारुतीला नाक नव्हतं, एक कान खांद्यावर उतरला होता, आणि बाळ गाढ झोपलं होतं.

"डोळे मिटलेत ग हिचे," अक्का बाळावर वाकून म्हणाल्या. "दर्शन कसं व्हायचं?"

कुणाला उठवायचा धीर होईना. समईच्या उजेडात लोण्याचा एक थेंब गालावरून निघाला, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. माझा खांदा भरून आला होता. विंझण्याची झुळूक बाळाच्या जावळावर गेली. तिनं नाक मुरडलं, डोळे उघडले. मारुतीकडे नाही, घामानं निथळणाऱ्या माझ्याकडे टक लावून पाहिलं, आणि बोळकं पसरून हसली.

"अक्का, हिनं देवाकडे बघितलंच नाही," मी रडवेली झाले.

"त्यानं बघितलं की तिच्याकडे. माझा नवस फिटला." अक्कांनी डोळे पुसले आणि बाळ माझ्या आणखी जवळ आणलं. "थांबलीस का? घाल वारा. तिला आवडतंय."