ग्राहक एकची खुर्ची

आमच्या ऑफिसात एक प्राणी आहे, त्याला सगळे बुलेट म्हणतात. काम सुसाट करतो आणि वाट्टेल तिथे धडकतो. त्या मंगळवारी भरदुपारी तो थेट माझ्या मावशीच्या नाटकावर धडकला.

आधी माझं काम सांगते, कारण ते आमच्या घरात अजून कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. एखादी वेबसाइट गर्दीत टिकेल का, हे आम्ही गर्दी यायच्या आधी बघतो. याला लोड टेस्टिंग म्हणतात. त्यासाठी एक टूल असतं. ते शेकडो खोटे ग्राहक तयार करतं आणि ते माणसांसारखेच पान उघडतात, खुर्ची निवडतात, तिकीट घेतात. पान किती वेळात उघडतंय, कुठे रखडतंय, कधी मान टाकतंय, हे आम्ही बघत बसतो. मात्र ही गर्दी चाचणीसाठी ठेवलेल्या साइटच्या नकलेवरच सोडायची, खऱ्या साइटवर चुकूनही नाही.

आणि मावशी? तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः लिहून नाटक बसवलं, त्यात कामही स्वतःच करणार होती. नाट्यगृहाच्या मॅनेजरांनी बजावलं होतं, पहिल्या प्रयोगाला निम्म्या खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढचे प्रयोग रद्द. त्या नाट्यगृहाची बुकिंगची साइट आमचीच. खुर्ची आधी राखायची, पैसे दारात द्यायचे. तोवर जेमतेम दोन रांगा गेल्या होत्या, त्याही आमच्या नातेवाइकांच्या.

"अगं, हाऊसफुल्ल!" मावशी फोनवर किंचाळली. "मॅनेजरांचा आत्ता फोन आला. अर्ध्या मिनिटात सगळं भरलं! मला वाटलं होतं, कुत्रंसुद्धा फिरकणार नाही गं." आणि ती चक्क रडायला लागली.

अर्ध्या मिनिटात? मी घाईने फोन ठेवला. साइट उघडून बुकिंगची नावं बघितली. ग्राहक एक, ग्राहक दोन, ग्राहक तीन...

"बुलेट, टेस्ट कुठे लावलीस?"

"नकलेवर."

"नीट बघ."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अगं, साइटचा पत्ता बदलायचा राहिला."

"राहिला? अरे शहाण्या, माझ्या मावशीचं नाटक आहे ते!"

"पण साइट एकदाही पडली नाही हं," तो हळूच म्हणाला. हातातला कप फेकूनच मारणार होते, पण त्यात चहा होता.

फोनवर सांगायची हिंमत होईना. बुलेटची मानगूट धरून तालमीच्या खोलीवर गेले. तिथे नायकाचं काम करणारे दातांचे डॉक्टर, जे रोज निम्मी वाक्यं गिळायचे, ते खिडक्या थडथडतील अशा आवाजात बोलत होते. मावशी स्टुलावर बसून नुसती फुलली होती. आणि मी सगळं सांगून टाकलं. फार फार वाईट वाटलं मला.

डॉक्टर मटकन खाली बसले.

"म्हणजे खरा माणूस एकही नाही?" मावशीने विचारलं.

"आहेत ना, दोन रांगा. आपल्याच."

तिने चष्मा काढून पुसला. मग बुलेटकडे वळली. "काय रे, तुझे ते ग्राहक, त्यातलं कोणी अर्ध्यातून उठून गेलं का?"

"नाही हो. सगळे शेवटपर्यंत थांबले."

"चांगले होते बिचारे," असं म्हणून मावशी खो खो हसत सुटली.

तेवढ्यात मॅनेजरांचा फोन आला. मी त्यांनाही खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "हाऊसफुल्लची पाटी राहू द्या की दोन दिवस! लोक तुटून पडतील." मावशीने माझ्या हातातून फोन हिसकावला. "मुळीच नाही! उतरवा ती. आणि मी सांगते ते लिहा."

मी खोटी बुकिंगं काढून टाकली आणि संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात आणि साइटवर मावशीचा मजकूर झळकला: 'आधीचे प्रेक्षक कॉम्प्युटरने बनवलेले निघाले. आता हाडामांसाचे हवेत.' लोकांनी तो हसत हसत एकमेकांना पाठवला.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह काही भरलं नाही. मागच्या चार-पाच रांगा ओस होत्या. पण निम्म्याच्या कितीतरी पुढे गेलो, आणि मॅनेजरांनी पुढच्या तारखा तिथल्या तिथे दिल्या. बुलेट गुमान लोकांना खुर्च्या दाखवत फिरत होता.

पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची मात्र रिकामी. वर 'राखीव'ची चिठ्ठी. मी तणतणत आत रंगपटात गेले. "मावशी, मोक्याची जागा कोणासाठी अडवलीस?"

"ग्राहक एकसाठी. पैसे भरलेत मी त्याचे."

"अगं, तो नाहीये!"

"माहितीये मला, वेडी नाहीये मी." ती आरशात बघून टिकली लावत होती. "तूच सांगतेस ना, गर्दी यायच्या आधी साइट टिकते का बघावं लागतं? त्या दुपारी मला वाटलं, सगळं सभागृह माझी वाट बघतंय. आधी वाटलं, पळून जावं. मग म्हटलं, जमेल. ते खोटे होते, हे नंतर कळलं. पण मी टिकले ना?"

मी डोळे पुसत प्रेक्षकांत येऊन बसले. पडदा वर गेला, मावशी पुढे आली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिने पहिलं वाक्य टाकलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.