माझ्यानं होत न्हाई

मला माझ्या पाठीचा लई माज होता, खोटं कशाला बोलू? चौऱ्याण्णव साली तुर्भ्याच्या धान्य मार्केटात शंभर किलोचं पोतं मी एकट्यानं पाठीवर घ्यायचो. बाकीच्या हमालांना पोतं चढवायला जोडीदाराचा हात लागायचा. माझा जोडीदार किसन हात पुढं करायचा आणि मी खेकसायचो, "सरक बाजूला!"

घरी माझी बायको गोजरा वेगळीच मागं लागलेली. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. रविवारी ती चर्चला जायची, मी झोपा काढायचो. ती म्हणायची, "अवो, एकदा तरी प्रभूला म्हणा, माझ्यानं होत न्हाई."

"होतंय की सगळं! उगा त्याच्याशी खोटं कशाला बोलू?"

एका दुपारी गाळ्यात तांदळाच्या पोत्यांची थप्पी कलली आणि धडाधड माझ्यावर आली. मी भिंतीच्या कोपऱ्यात उताणा पडलो. मिट्ट काळोख. छातीवर पोतं, पायांवर पोती, नाकातोंडात धूळ. हात तेवढे मोकळे.

मी ढकललं. वरून आणखी एक पोतं आलं. शिवी हासडून पुन्हा जोर लावला. आणखी एक आलं. आता श्वास अर्धाच आत जात होता.

"गंगाराम!" बाहेरून किसन ओरडला. "ढकलू नको, बाबा! तू हललास की वरची थप्पी सरकतीय. आम्ही वरनं एकेक काढतोय. गप पडून राहा!"

गप पडून राहा! जन्मात कधी जमलं होतं का मला ते? अंग आपसूक ढकलायला बघायचं. जेवढा जोर लावीन तेवढा लवकर मरणार होतो. भीतीनं रडू फुटलं, सांगायला लाज कसली?

मग गोजराचंच बोलणं तोंडात आलं. "प्रभू, माझ्यानं होत न्हाई. तू बघ." पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललो.

छातीवरचं वजन कणभरही कमी झालं न्हाई. पण आवळलेल्या मुठी सुटल्या, धीर आला. तो धीर माझा नव्हता. माझा मला ठाऊक आहे, तो मघाशीच संपला होता. त्या धीरावर मी अर्धा तास जागचा हललो न्हाई. वर एकेक पोतं उचलल्याचा आवाज ऐकत राहिलो.

शेवटी फटीतून उजेड आला, पाठोपाठ किसनचा हात. गडी रडत होता, तरी बोललाच, "धरतोस का, का आजपण सरकू बाजूला?"

मी दोन्ही हातांनी धरला.