खांडीवरचा साहेब

लेफ्टनंट रघुनाथ मोकलने वाळूचं पोतं डोक्यावर घेतलं आणि तो कमरेइतक्या चिखलात उतरला. त्याच्या मागोमाग केरू नाईकासह तीस जवान उतरले. रात्रीच्या भरतीत कासूजवळच्या खाडीचा बांध फुटून वीस हात रुंद खांड पडली होती. दुपारी साडेबाराला नारळी पुनवेचं उधाण. तोवर ती बुजली नाही, तर खारं पाणी शेतात शिरणार आणि पुढची तीन वर्षं गावाला भात नाही. नऊ वाजून गेले होते.

शिपायापासून हवालदारकीपर्यंत चौदा वर्षं काढून, परीक्षा देऊन रघुनाथ अधिकारी झाला, त्याला जेमतेम दोन महिने होत होते. हवालदार असताना त्याची एकच रीत. आधी आपण उतरायचं, मग पोरांना म्हणायचं, या. दंडावरची फीत जाऊन खांद्यावर तारे आले, पण जित्याची खोड ती! त्यात हाताखाली सुभेदार काळुराम. ज्यांनी भरतीच्या पहिल्या दिवशी त्याला बुटाचे बंद बांधायला शिकवलं, त्यांना हुकूम कोणत्या तोंडाने करणार? मग रघुनाथ आपला म्हणायचा, साहेब, जमलं तर बघा. आणि उभी हयात हुकुमावर काढलेले काळुराम 'जमलं तर' म्हणजे नेमकं काय करायचं, हे न कळून नुसते उभे राहायचे.

पोतं टाकावं आणि पाण्याने ते उचलून न्यावं, असं चाललं होतं. पोरं मात्र खूश होती, साहेब आपल्यातलाच म्हणून.

सैन्य आलं म्हणून गाव मागे सरलं होतं. त्यातून बायजाबाई पुढे आली. सत्तरीची, काष्टा खोचलेली, तोंडाने फटकळ. या गावांत खांड बुजवताना एक माणूस कोरड्या पायांनी बांधावर उभा राहतो. त्याने घमेल्याला हात लावायचा नाही, फक्त पाणी बघायचं आणि सांगायचं. वीस वर्षं ते काम हिचं होतं. तिने जवानांना विचारलं, तुमचा सायब कोन? त्यांनी चिखलाकडे बोट केलं.

"अगो बाय! मंग पानी कोन बघताय?"

रघुनाथला आधी रागच आला. आपण मरमर राबतोय आणि ही बाई वर उभी राहून विचारते! पण तेवढ्यात आधी टाकलेलं पोतं डोळ्यांदेखत वाहून गेलं. त्याने डोक्यावरचं पोतं खाली टाकलं आणि तो बांधावर चढला.

वरून सगळं लख्ख दिसलं. धार नेमकी खांडीच्या तोंडाशी जोरात होती. तिथे अख्खा डोंगर ओतला तरी वाहून गेला असता. आतल्या बाजूला, पन्नास पावलांवर, पाणी गुडघाभर आणि संथ होतं. तिथून अर्धगोल बांध घातला तर गाव वाचत होतं. फक्त भाताची चार खाचरं बाहेर राहत होती. ती कोणाची, म्हणून त्याने विचारलं.

"येक माजंच हाय," बायजाबाई म्हणाली. "तू तुजं काम कर."

रघुनाथने घसा खाकरला.

"सुभेदारसाहेब, खांड सोडा. आतून गोल बांध घाला. केरू नाईक डावीकडून, तुम्ही उजवीकडून. बाराच्या आत छातीइतका वर आला पाहिजे."

काळुरामांनी मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

"जी साहेब," ते म्हणाले, आणि धावत सुटले.

बायजाबाईने गावाला हाक दिली. घरटी एक माणूस टोपली घेऊन आला. मग काय विचारता! मघाशी साहेबाच्या तोंडाकडे बघत राबणारी पोरं आता आपापल्या म्होरक्याच्या हाकेवर पळत होती. एकटा रघुनाथ रिकामा. हात नुसते शिवशिवत होते. चौदा वर्षांत इतकं जड काम त्याने केलं नव्हतं.

बाराला उजवीकडची दोन पोती सरकली. पोरं ओरडली. रघुनाथ दोन पावलं उतरलाच, आणि जागीच थबकला. ते काम काळुरामांचं होतं, आणि काळुराम तिथे होते. त्यांनी पोत्यांना पाठ लावली, पोरांनी मागून माती भरली. तेवढ्यात डावीकडे पाणी झिरपताना रघुनाथला दिसलं. खाली असता तर दिसलं नसतं. त्याने केरूला हाक मारली, भोक बुजलं.

साडेबारा. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर आलं. तिथेच उभं राहिलं. मग एक बोट उतरलं.

गावाने काळुरामांना खांद्यावर घेतलं, केरूलाही घेतलं. वरच्या साहेबाकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं, आणि त्याला तर नाचावंसं वाटत होतं. आपल्यावाचून पोरांनी करून दाखवलं, या आनंदाने त्याचे डोळे भरून आले.

बायजाबाई शेजारी येऊन बसली. तिचं खाचर खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. तिने विचारलं, कुठला रे तू?

"वरश्याचा. रोह्याजवळ."

"आय हाय?"

"हाय."

"मंग तिला सांग, तुज्या पोरानं आज कायेक काम केलं नाय, म्हनून आमचं भात वाचलं."