मागचाच आकडा

बाबा निवृत्त सर्व्हेअर, त्यामुळे काहीही मोजायला सांगितलं की खूश. त्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा मी त्यांना मनगटावर बांधायचं मशीन नेऊन दिलं. रोज सकाळचा आकडा आपोआप माझ्या फोनवर यायचा. दूर राहणाऱ्या प्रोग्रामर मुलीचा तेवढाच उपयोग. सुरुवातीला आकडा आला की मी लगेच फोन करायचे. पुढे पुढे आकडा बघितला की फोन केल्यासारखंच वाटायला लागलं.

आलेख आधी आठवड्याचा होता. मी सातचा ॲरे, म्हणजे आकडे ठेवायची सात खणांची रांग, वाढवून तीसचा केला. एखादा खण रिकामा राहिला की आलेख काढणारा प्रोग्राम अडून बसायचा. शून्य भरलं तर रेघ धाडकन खाली आपटायची, ते बघवेना. म्हणून मी एक ओळ लिहिली: आजचा आकडा आला नाही तर मागचाच पुढे भरायचा. ऑफिसातल्या शेजाऱ्याने ती वाचली आणि रिकामं आहे ते रिकामं दिसू दे, म्हणाला. मी कानाडोळा केला. मला रेघ छान दिसायला हवी होती.

आणि दिसली की. एकशे अठ्ठावीस, एकशे अठ्ठावीस, सलग एकोणीस दिवस. पहिलीतल्या पोरालाही शंका आली असती. मी मात्र रोज चहा पिताना बघायचे, बाबा ठणठणीत आहेत म्हणून स्वतःवरच खूश व्हायचे आणि फोन उद्यावर ढकलायचे. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

विसाव्या दिवशी आईचाच फोन आला. बाबा आंघोळीला जाताना कोसळले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दाब बरेच दिवस चढलेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा कुठे मी मूळ नोंदी उघडल्या. शेवटचा खरा आकडा वीस दिवसांपूर्वीचा होता.

हॉस्पिटलच्या बाकावर मी आईला विचारलं, मशीन बिघडलं तेव्हा मला कळवलं का नाही?

"बिघडलं कुठे? मुद्दाम बांधत नव्हते. म्हणायचे, आकडा गेला नाही की घाबरून फोन करते की नाही बघ. मलाही करू देईनात. रोज दुपारपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसायचे. तू कामात असशील, बघायला वेळच झाला नसेल, अशी मीच समजूत घालायचे त्यांची."

मी नुसती मान हलवली. रोज बघत होते, हे मला तिला सांगता आलं नाही.