पारावरचा गुलमोहर

मी अमरावतीच्या खुशालरावांच्या अंगणातला एक गुलमोहर आहे. फार जुना नाही, पण आत्ताच जीव विटला आहे. मित्रांनो, माझ्या फुलांचं कौतुक करणार असाल तर जरा थांबा. त्या कौतुकानंच घात केला.

विलायतेत वऱ्हाडच्या कापसाला भलताच भाव आला, तेव्हाची गोष्ट. खुशालराव कापसाचे अडते. गावात कोणाकडे नाही असं झाड दारात हवं, म्हणून त्यांनी विहिरीजवळचा कडुनिंब तोडला आणि त्याच जागी मुंबईहून आणवलेलं माझं रोप लावलं. शिवाय माझ्याभोवती निंबाला शोभावा तसा दगडी पार बांधला.

मी भराभर वाढलो, आणि तेवढाच ठिसूळ राहिलो. चैत्रात कापसाच्या गाड्यांचे बैल सावलीला माझ्याकडे येत, तेव्हा माझ्या अंगावर पान नसे. वैशाखात मी लालभडक फुललो की लोक थांबून बघत. बैल उन्हातच. माझ्या वरवर पसरणाऱ्या मुळांनी पाराचे दगड उचकटले, माझ्याखाली तुळस जगली नाही. सगळ्यांना दिसत होतं, तरी वाहवा चालूच. मला संताप येई.

खुशालरावांची लेक कौशल्या दर्यापूरहून नागपंचमीला माहेरी येई. निंब गेल्यापासून तिचा झोका शेजारच्या अंगणात बांधत. एका वर्षी माझी फांदी जाड दिसली, म्हणून खुशालरावांनी तिच्यावर दोर टाकायला सांगितलं. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई आडव्या आल्या.

"अवो, याले झोका नका बांधू. परवा साध्या हवेनं याची फांदी पडली."

"पार बांधलेलं झाड हाय ते," खुशालराव म्हणाले. "काई होत नाही."

पार बांधला म्हणून लाकूड चिवट होतं का? पण मला तोंड कुठं होतं! पावसानं जड झालेली ती फांदी झोका उंच जाताच बुडातून मोडली. कौशल्येचा पाय कायमचा अधू झाला. सासरचं माणूस तिला न्यायला आलं नाही.

आता ती इथंच असते. विहिरीजवळ तिनं निंबाचं रोप लावलं आहे. लंगडत रोज पाणी घालते, तरी ते वाढत नाही. ती स्वतःच्या हाताला दोष देते.

हात चांगला आहे तिचा. तिनं घातलेलं पाणी माझी मुळं आधी पिऊन टाकतात, आणि मला ती आवरत नाहीत. मित्रांनो, मला लावायचंच असेल तर दूर माळावर लावा. आणि कोणीतरी कौशल्येला एवढं सांगा, की बाई, ते रोप माझ्याजवळून उचल.