तांब्याच्या कळशीतलं पाणी

आमचे हे, दत्तात्रय, भोपाळच्या कारखान्यात फोरमन. टाउनशिपच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये लोक सोफा ठेवतात, यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि तिच्यात जिवंत पोवळं वाढवलं. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, सात वर्षांत त्याचं वीतभर झुडूप झालं. हाताला दगड, पण फांदीफांदीवर बारीक तोंडं उघडतात नि मिटतात. मी दिवसभर त्यावरून कटकट करायची आणि पाहुणे आले की पहिलं तेच दाखवायची.

गेल्या महिन्यात यांना हार्ट अटॅक आला. छाती धरून जिना उतरतानाही मला बजावलं, की टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर शुद्ध पाणी घाल, नळाचं नको. आणि नेमकं आमचं पिण्याच्या पाण्याचं फिल्टर बंद पडलं. आता माझ्या माहेरी शुद्ध पाणी म्हणजे एकच, तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेलं. कळशी चिंचेने लख्ख घासली आणि पाच दिवस तेच पाणी घातलं. वर हातही जोडले.

सहाव्या दिवशी एकही तोंड उघडेना. बुडापासून वरचा जिवंत थर सुटून पांढरं दिसायला लागलं. बिट्टन मार्केटच्या माशांच्या दुकानदाराला फोन केला, पाणी कुठलं घातलं ते सांगितलं.

"मॅडम, ताँबा तो इनके लिए ज़हर है."

त्याने सांगितलं तसं निम्मं पाणी बदललं, तांबं शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिशव्या सोडल्या. तरी पांढरं वर चढतच राहिलं.

इकडे डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, यांना धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. दवाखान्यातून हे रोज फोटो मागायचे आणि मी मेली जुने पाठवायची. पोवळं गेलं तर गेलं हो, पण ते बघून यांचं काही झालं तर? जेवण जाईना. हे घरी येण्याच्या दिवशी मी टाकीवर चादर टाकली.

घरात आल्या आल्या यांनी ती काढली. वाकून एकेक फांदी बघायला लागले. माझी नजर यांच्या छातीवर. श्वास चाललाय ना, घाम तर नाही ना आला.

"मी मारलं हो. कळशीतलं पाणी घातलं," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

यांनी खुर्ची ओढली, टॉर्च लावला. एका शेंड्याला नखाएवढा भाग अजून जिवंत होता.

"माझ्या छातीकडे काय बघतेस? पक्कड आण. पांढरं वर पोचायच्या आत तेवढं कापून घे, त्यातून पुन्हा वाढेल. माझा हात थरथरतोय."

थरथरत माझाही होता. यांनी खालून माझं मनगट धरलं, आणि मी कापलं.