तपकिरीच्या डबीवरची पट्टी

मी एक जुनी फ्लॉपी आहे आणि मित्रांनो, मला माणसांच्या बोटांची किळस येते. काळी, चौकोनी, तळहाताहून थोडी मोठी अशी मी. माझ्या पोटात एक पातळ तबकडी आहे. कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणाऱ्या साऱ्या सूचना तिच्यावर होत्या. रोज सकाळी मी आत गेल्याशिवाय तो ढिम्म हलत नसे.

१९८७ साली मी एसटीने रत्नागिरीला आले, भागोजीशेठच्या कोळंबीच्या कारखान्यात. कॉम्प्युटर चालवायला मंडणगडची गोदा होती. ती हात धुऊन, कोरडे करून मला कडेने धरायची. तेवढंच काय ते सुख. हेडक्लार्क आप्पा मात्र कोळंबी चिवडलेली बोटं थेट माझ्या तबकडीच्या उघड्या भागावर टेकवायचे, वर तपकीर ओढून माझ्यावरच शिंकायचे.

माझ्या कडेला एक खाच आहे. तिच्यावर चंदेरी पट्टी असली की माझ्यातलं काही पुसता येत नाही. एकदा आप्पांच्या तपकिरीच्या डबीचं झाकण सैल झालं. त्यांनी माझी पट्टी नखाने उचकटली आणि झाकणाला चिकटवली. मला उघडं पाडून तपकीर जपणारा हा माणूस.

"आप्पा, हिची एक प्रत काढून ठेवूया," गोदा सारखी म्हणायची.

"एक आहे ना गो, मग दुसरी कशाला?"

शेवटी शेठनीच फर्मावलं. गोदाने कोरी फ्लॉपी तयार केली, प्रत काढायची आज्ञा वहीत लिहिली आणि ती जेवायला गेली. आप्पांना कुठला धीर. त्यांनी वहीत बघून एका बोटाने आज्ञा टाइप केली. कॉम्प्युटरने आधी मूळ फ्लॉपी मागितली, म्हणजे मला. आप्पांनी मात्र कोरीला हळदकुंकू लावलं. "नव्याचा मान पहिला," म्हणत तिलाच आत सारलं, आणि मागून मला. तिचं रिकामेपण माझ्यावर उतरलं. मी पुसली गेले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना.

"गोदाने काहीतरी केलंन," आप्पा म्हणाले.

शेठ चिडले. "मशीन मुंबईला परत धाडतो. गोदा, तू पण गावी जा."

गोदाच्या पगारावर तिची धाकटी बहीण राही शिकत होती. गोदाचा चेहरा उतरला. तिने मला उलटसुलट पाहिलं. उघडी खाच दिसली. मग आप्पांच्या टेबलावरची डबी उचलून तिने शेठपुढे ठेवली.

"पट्टी जागेवर असती तर ही पुसलीच गेली नसती. ती इथे कशी आली, तेवढं आप्पांना विचारा."

आप्पांची चिमूट नाकाशीच थांबली.

गोदा राहिली. मुंबईहून नवी फ्लॉपी आली, तिच्या दोन प्रती गोदाने त्याच दिवशी काढल्या. मी मात्र आप्पांच्या चहाच्या बशीखाली आहे.

मित्रांनो, वस्तूला हात लावण्याआधी तो धुवा, आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. सगळं पुसल्यावर मला हे आठवतं कसं, असं विचाराल. पुसली गेली ती तबकडी. अंगावर उमटलेली आप्पांची बोटं तशीच आहेत.